माग बंद पडला नसता तर

सकाळी ६.३०. रात्रपाळीचे माग अजून चालूच असतात, त्यामुळे विट्यात सकाळ शांत वगैरे नसते. फोन सुरू व्हायच्या आत मी महावितरणची बिलं वाचून घेतो. करार मोडला म्हणून कोर्टात जाणारा माणूस वह्या दाखवतो. पण वही माणूस लिहितो, बिल मीटरवरून येतं. पूर्वी मी अर्थशास्त्र शिकवायचो, आता वकील माझ्याकडून नुकसानीचे हिशेब करून घेतात. मुंबई-दिल्लीत यासाठी मोठ्या फर्म आहेत, मक्तेदारीचे आणि शेअरबाजाराचे दावे त्यांच्याकडे. आमच्याकडे सूत, कोंबड्या आणि सोनं.

९.००. कारखान्यात. व्यापाऱ्यानं वर्षभर सुताची बिमं द्यायचं कबूल केलं आणि मधेच हात आखडला, असा दावा.

"सर, एका मागावर पाळीत सत्तर मीटर निघतंय की!" कारखानदार खटखटाटात ओरडून सांगतात.

माग मिनिटाला १६० पिक, म्हणजे आडवे धागे, मारतो; कापड इंचाला ५२ पिकाचं. बारा तासांच्या पाळीत झाले १,१५,२०० पिक. त्याला ५२ नं भागलं तर २,२१५ इंच, म्हणजे ५६ मीटर. तेही धागा एकदाही तुटला नाही, कांडी बदलली नाही, लाइट गेली नाही तर. मी ४५ धरतो. कारखानदारांचा चेहरा उतरतो. पण समोरचा वकील हेच गणित उलटतपासणीत करणार, त्यापेक्षा इथं झालेलं बरं.

११.३०. वकिलांच्या ऑफिसात याहून मोठी काटछाट. दाव्यात कापडाची पूर्ण किंमत लावलेली. अहो, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. यांची फक्त मजुरी. ती इंचातल्या दर पिकामागे मीटरला समजा १२ पैसे धरली तर ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे ६ रुपये २४ पैसे. त्यातूनही बंद काळात न द्यावी लागलेली विणकरांची मजुरी वजा, न जळलेली वीज वजा. कर्जाचा हप्ता, विजेचा स्थिर आकार आणि जॉबरचा महिन्याचा पगार मात्र वजा करायचा नाही, कारण माग बंद असूनही ते भरावेच लागले. करार मोडला नसता तर हातात काय उरलं असतं, एवढाच माझा प्रश्न. लोकांना तो कंजूषपणा वाटतो.

शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ चं स्पष्टीकरण आहेच: नुकसान टाळायचे उपाय हाताशी होते का, तेही बघायचं. दुसऱ्या व्यापाऱ्याकडे बिमं मागितली होती का? "फोन केलता." मग फोनमधले मेसेज काढा.

२.००. जेवण, कसंबसं.

२.३०. कोर्टात, वेगळ्या दाव्यात साक्ष. साक्ष कायद्याच्या जुन्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञ म्हणजे परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर असल्या विषयांतले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नं त्यात 'अन्य कोणतंही क्षेत्र' घातलं. आमच्यासारख्यांना तिथं ऐसपैस जागा झाली.

"फी कोण देतं तुम्हाला?"

"वादी. निकाल कसाही लागला तरी तेवढीच."

माझं मत न्यायाधीशांवर बंधनकारक नसतं, आणि तसंच असावं. त्यांना आकड्यापेक्षा आकड्यामागची कारणं लागतात. ती नसली की मोठमोठे अहवाल रद्दीत जातात.

५.३०. गलाईवाल्यांची फाइल. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, तशी भागीदारीची भांडणंही गावोगाव गेली. इथं एक भागीदार २०१९ मध्ये बाहेर पडला, हिशेब झालाच नाही, दुकान चालू राहिलं. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३७ त्याला निवड देतं: त्याच्या वाट्याच्या मालमत्तेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा, नाहीतर सहा टक्के व्याज. तेव्हा दहा ग्रॅम सोनं पस्तीस हजारांच्या आसपास होतं, २०२४ मध्ये सत्तर हजारांच्या वर. साहजिकच त्याला नफा हवाय. पण त्यातला गलाईच्या मजुरीचा किती आणि दुकानाचं स्वतःचं सोनं नुसतं महागल्याचा किती? गिऱ्हाइकाचं सोनं तर मोजायचंच नाही. हे वेगळं करायला टंच (शुद्धता) आणि घट यांची वही लागते. ती दोघांकडेही 'सापडत नाही'.

८.४५. सकाळच्या वकिलांचा फोन. "सर, आकडा जरा वर जाईल का?"

"मेसेज मिळाले का?"

"एकच. तोही करार मोडल्यावर दोन महिन्यांनी पाठवलेला."

"मग त्या दोन महिन्यांवर समोरचे वकील बोट ठेवणार. मी दोन आकडे देतो, ते महिने धरून आणि सोडून."

"आणि व्याज?"

"ते कोर्टावर सोडा."