१० मिनिटांचा शेक

शेक दिला होता का, असं विचारलं की जवळपास प्रत्येक जण हो म्हणतो. किती वेळ, असं विचारलं की माणसं गडबडतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या ओपीडीतल्या सिस्टर हा दुसरा प्रश्न कधीच सोडत नाहीत. "१० मिनिटं, दिवसातून ४ वेळा," असं सांगून त्या थांबत नाहीत, करून दाखवतात.

समोर कॉलेजातली मुलगी. वरच्या पापणीच्या कडेला लालबुंद, ठणकणारी रांजणवाडी, टोकाला पिवळा ठिपका. घरी आजीने लवंग उगाळून लावलेली, त्याने आग झालेली. "फोडायची नाही हं बाळा. आणि बरं होईपर्यंत काजळ बंद." सिस्टर गरम पाण्यात सुती रुमाल बुडवतात, पिळतात, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघतात, मग मुलीच्या मिटल्या डोळ्यावर ठेवतात. दोन मिनिटांत कापड गार होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा पिळायचं. १० मिनिटं म्हणजे हे सगळं चार-पाच वेळा, आणि घरी नेमकं तेच राहून जातं.

पापण्यांच्या आत तेलाच्या ग्रंथी उभ्या रांगेत असतात, वरच्या पापणीत २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्यांच्या तेलामुळे अश्रू लवकर वाळत नाहीत. केसाच्या मुळाशी किंवा या ग्रंथीत जंतुसंसर्ग झाला की रांजणवाडी. ग्रंथीचं तोंड बुजून तेल आतच साचलं, आजूबाजूला झिरपलं, की कलेझियन, म्हणजे वाटाण्याएवढी, बहुधा न दुखणारी गाठ. शेकाने घट्ट तेल पातळ होतं आणि वाट मोकळी होते. कलेझियन हा मुळात संसर्ग नसल्याने तिथे अँटिबायोटिक गोळ्यांचा सहसा उपयोग नसतो. तरीही गोळ्या लिहून दिल्या नाहीत की लोकांना उपचारच झाला नाही असं वाटतं. सिस्टरांची खरी झुंज या समजुतीशी आहे.

महिना-दोन महिने शेकूनही न जिरलेली गाठ डॉक्टर काढतात. पापणीत भुलीचं इंजेक्शन. मग गोल चिमट्यात गाठ पकडून पापणी उलटी करायची आणि आतल्या बाजूने उभा छेद घ्यायचा. उभाच, कारण आडव्या छेदात शेजारच्या ग्रंथी कापल्या जातील. छोट्या चमच्यासारख्या हत्याराने करडा, बुळबुळीत ऐवज खरवडून निघतो. टाके नाहीत, मलम आणि दाबून बांधलेली पट्टी. भुलीची सुई टोचताना पेशंटचा हात सिस्टरांच्या हातात असतो.

वारंवार रांजणवाडी होणाऱ्यांची रक्तातली साखर तपासायला सांगतात. पूर्ण पापणी सुजून ताप आला, डोळा हलवताना दुखलं किंवा अंधूक दिसू लागलं, तर शेकत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शेवटच्या बाकावरच्या बाबांची गाठ काढूनही त्याच जागी पुन्हा आलेली, आणि तिथल्या पापणीचे केस गळलेले. इथे सिस्टर शेकाचं नावही काढत नाहीत. कागद थेट डॉक्टरांपुढे ठेवतात. तेलग्रंथींचा कर्करोग अगदी असाच साध्या गाठीसारखा दिसू शकतो, आणि पापणीच्या कर्करोगांमध्ये त्याचं प्रमाण भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. "बाबा, या वेळी तुकडा तपासायला पाठवायचा आहे," सिस्टर सांगतात, आणि सोबत आलेल्या मुलाला रिपोर्टची तारीख दोनदा म्हणायला लावतात.