आफ्रिका चषकाची वाट

वॉशिंग्टनजवळच्या हर्नडन गावी मुलाकडे गेलो असता नातवाने आम्हांला पेचात टाकले. "आजोबा, २०२५ च्या आफ्रिका चषकात आपला मॉरिशस का नव्हता?"

आम्ही त्याच्या वहीतच हिशेब मांडला. मार्च २०२४ मध्ये क्रमवारीतल्या तळाच्या ८ देशांना आधी आपसांत खेळावे लागले. त्यांतले ४ पुढे गेले. मग ४८ देशांचे १२ गट पडले. गटात प्रत्येकाशी दोनदा, असे ६ सामने. पहिले दोघे पात्र. यजमान मोरोक्कोची जागा पक्की, म्हणून त्याच्या गटातून आणखी एकच. एकूण २४. आपण पहिल्याच पायरीवर चाडकडून हरलो.

पोराचे तोंड उतरले. तेव्हा आम्ही १९७४ ची गोष्ट काढली. इजिप्तमधल्या त्या स्पर्धेत ८ च संघ होते. यजमान इजिप्त आणि आधीचा विजेता काँगो यांना थेट प्रवेश; उरलेल्या ६ जागांपैकी एक आपण मिळवली होती! तिन्ही सामने हरलो खरे, पण डॅनी इम्बर्टने दोन गोल केले. त्यानंतर मात्र २०२५ पर्यंत ते दार आपल्याला उघडले नाही.

बेट लहान, हे कारण पुरत नाही. कोमोरोसने जानेवारी २०२२ मध्ये याच चषकात घानाला ३-२ असे हरवले.

वाचकहो, नातवाचा जन्म अमेरिकेतला. तरी तो 'आपला मॉरिशस' म्हणाला. परदेशातल्या मुलांना सामन्यांच्या तारखा तेवढ्या कळवत चला.