एका खोलीतले दोन स्वभाव

पावसाळा तोंडावर आला की पांढुर्णा-सौसरच्या घराघरांतून वळकट्या बांधल्या जातात. मुले शिक्षणासाठी नागपूरची वाट धरतात. दिवाळीला ती परततात, तेव्हा पुष्कळांची तक्रार अभ्यासाची नसते. खोलीतल्या सोबत्याची असते.

गेल्या दिवाळीत असाच एक माजी विद्यार्थी वडिलांसह घरी आला. “सर, त्याच्याबरोबर आता एक दिवसही राहणे नको,” तो म्हणाला. वडील गप्प होते. खोली एकट्याने घ्यावी तर भाडे झेपणार नव्हते; न झेपल्यास शिक्षण सोडून संत्र्याच्या बागेत परतावे लागणार होते.

मला माझी खोली आठवली. एम.ए.ला असताना मी नागपुरात एकासमवेत राहत असे. मी पहाटे उठणारा, टापटिपीचा. तो रात्री दोनपर्यंत दिवा जाळणारा, दिवसदिवस न बोलणारा. दासबोधातला मूर्खलक्षणांचा समास तेव्हा अभ्यासाला होता. मी त्याच धर्तीवर सोबत्याची लक्षणे वहीत टिपू लागलो. ती सव्वीस भरली आणि मी खोली सोडली. वीस वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो भेटला. माझ्या पहाटेच्या मोठ्या आवाजातील पाठांतराने त्याची झोप रोज मोडत असे, हे त्याने हसत सांगितले. त्याने तेव्हा एकदाही तक्रार केली नव्हती. हे सत्ताविसावे लक्षण माझ्या वहीत नव्हते, कारण ते माझे होते.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ या प्रकृती सांगितल्या. गीतेने सत्त्व, रज, तम हे गुण. स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांनी 1921 साली अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली. तिच्या आधारे अमेरिकेतील ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी सोळा प्रकार केले. परंतु बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्येच कोठेतरी असतात, असे आजचे मानसशास्त्र मानते. गीतेचा चौदावा अध्यायही हेच सुचवितो : तिन्ही गुण एकाच देहात नांदतात, कधी एक वरचढ होतो, कधी दुसरा. तेव्हा सोबत्याच्या कपाळी एकच चिठ्ठी चिकटविणे हा त्याच्यावर अन्यायच.

आपल्या इतिहासात या संदर्भात एक खोली प्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. दोघेही 1856 सालचे, डेक्कन कॉलेजातले स्नेही. परंतु समाजसुधारणेविषयी विचारांची दिशा निराळी. कोठडीत त्यांचे वाद रात्री रंगत. ते एकशे एक दिवस आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवले. पुढे मतभेद विकोपाला गेले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून 1888 साली ‘सुधारक’ काढला. म्हणजे सहवासाने मते जुळली नाहीत. तरीही 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, ती या दोघांसह इतर सहकाऱ्यांच्या हातूनच. एकत्र काम करण्यासाठी एकमत लागतेच असे नाही.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : सोबत्याचा स्वभाव आणि त्याची सवय वेगळी कर. अबोलपणा हा स्वभाव. तो बदलायला जाऊ नकोस. खरकटी भांडी ही सवय. तिच्याविषयी बोलता येते. बोलणे रात्री रागाच्या भरात नको, सुटीच्या दिवशी चहा घेताना कर. दिवा केव्हा मालवायचा, भांडी कोणी घासायची, खर्च कसा वाटायचा, हे कागदावर लिहा. आणि प्रथम त्यालाच विचार, “माझा तुला कोणता त्रास होतो?” मात्र मारहाण, चोरी वा व्यसनाची सक्ती असेल, तर तो स्वभावाचा प्रश्न नव्हे, तेथे क्षणभरही थांबू नये.

शेवटचा प्रश्न विचारणे त्याला अवघड गेले असावे. मला तर वीस वर्षांत तो सुचलाही नव्हता.

परवा बाजारात त्याचे वडील भेटले. दोघांचे खटके अजून उडतात म्हणे. पण दिवा अकराला मालवतो, आणि मुलगा शिकतो आहे.