इंग्लंडची दहावी

१८५८ च्या डिसेंबरात केंब्रिज विद्यापीठाचे परीक्षक झगे घालून रेल्वेत बसले. सोबत प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी. लिव्हरपूल, ब्रिस्टल, नॉर्विच अशा ठिकाणी शाळांमध्ये आणि चर्चच्या सभागृहांमध्ये मिळून ३७० मुलगे परीक्षेला बसले. ऑक्सफर्डनेही त्याच वर्षी अशी परीक्षा सुरू केली होती. शाळेत खरोखर काय शिकवलं जातं, हे त्रयस्थाकडून तपासून घेणं हा हेतू. मुलींना मात्र झगडावं लागलं. स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस यांच्या खटपटीने १८६३ मध्ये त्यांना केंब्रिजची परीक्षा प्रायोगिक म्हणून देता आली आणि १८६५ मध्ये रीतसर दार उघडलं.

पुढे अशा परीक्षांची गर्दी झाली. म्हणून १९१८ मध्ये सोळाव्या वर्षासाठी ‘स्कूल सर्टिफिकेट’ आलं. ते गटांनी बांधलेलं होतं. सुरुवातीच्या नियमांनुसार इंग्रजी विषय, परभाषा आणि गणित-विज्ञान या तिन्ही गटांत उत्तीर्ण होणं भाग होतं. म्हणजे इतिहासात अव्वल असलेल्या मुलाची फ्रेंच-लॅटिनमध्ये दांडी उडाली, की प्रमाणपत्रच हातचं गेलं. गणितापायी मॅट्रिकला अडकलेली माणसं ज्यांच्या घरात होती, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

१९५१ मध्ये ही गाठ सुटली. सोळाव्या वर्षासाठी ‘ओ लेव्हल’ आणि अठराव्यासाठी ‘ए लेव्हल’ अशा परीक्षा आल्या. जितके विषय सुटतील तितके पदरात. इंग्लंडच्या परीक्षांतला हा सगळ्यात माणुसकीचा बदल, असं मला वाटतं.

पण ओ लेव्हल बेतली होती ती मुख्यतः ग्रामर स्कूलच्या, म्हणजे निवडून प्रवेश देणाऱ्या शाळांच्या, हुशार मुलांसाठी. बाकीच्यांतले बरेच जण कागदाविना शाळा सोडत. त्यांच्यासाठी १९६५ पासून ‘सीएसई’ सुरू झाली. तिची पहिली श्रेणी ओ लेव्हलच्या उत्तीर्ण निकालाबरोबरीची धरली जाई. तरी मालकांच्या आणि पालकांच्या नजरेत ती धाकटीच राहिली. शिवाय कोणी कुठली परीक्षा द्यायची, हे शिक्षकांना मूल चौदा-पंधरा वर्षांचं असतानाच ठरवावं लागे. एवढ्या कोवळ्या वयात वाट ठरून जायची.

अखेर दोन्ही परीक्षा एकत्र करून ‘जीसीएसई’ झाली. १९८६ मध्ये अभ्यासक्रम सुरू, १९८८ मध्ये पहिली परीक्षा. २०१७ पासून श्रेणीसाठी अक्षरांच्या जागी ९ ते १ असे अंक येऊ लागले. त्यात ९ सर्वोच्च, आणि ४ म्हणजे जुन्या ‘सी’ची खालची कड.

फाटा मात्र गणितात अजून आहे: एक सोपी प्रश्नपत्रिका, एक अवघड. सोप्या प्रश्नपत्रिकेला बसलेल्या मुलीने सगळं अचूक सोडवलं, तरी तिला ५ च्या वर श्रेणी मिळत नाही. आणि इंग्रजी किंवा गणितात ४ हुकला, तर शाळा संपल्यावर कॉलेजात केशकर्तन शिकतानाही तिला तो विषय चालू ठेवावा लागतो. नोव्हेंबरात पुन्हा परीक्षा असते. तेव्हा ती गणिताची वही काढून बसते.