शेजारधर्म, सार्क आणि आपला कांदा

देशाची सुरक्षितता म्हटली की सीमेवरचा जवान डोळ्यांसमोर उभा राहतो. ते योग्यच आहे. परंतु शेजाऱ्याशी बिघडले की त्याची किंमत तिजोरीला मोजावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना यावरच बोट ठेवले होते. सुमारे ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातील १८० कोटी लष्करावर जातात, कारण अडचणीत धावून येईल असा मित्र आपल्याला नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

दक्षिण आशियातील देशांनी एकत्र यावे म्हणून ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे 'सार्क' स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान, मालदीव हे सात सभासद; अफगाणिस्तान २००७ साली आठवा. स्पर्धा परीक्षेसाठी आपले विद्यार्थी ही नावे पाठ करतात, पण सनदेतील दोन अटींकडे सहसा लक्ष जात नाही. निर्णय एकमतानेच व्हावा आणि दोन देशांमधील वादाचे प्रश्न चर्चेस घेऊ नयेत. म्हणजे ज्या भांडणापायी शेजार बिघडला, तेच बैठकीबाहेर! २०१६ ची इस्लामाबाद परिषद उरी येथील हल्ल्यानंतर बारगळली. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद भरलेलीच नाही.

याचा सटाण्याशी काय संबंध? संबंध कांद्याचा आहे. नाशिक जिल्ह्यातील कांदा बांगलादेशात जातो. २०१९ व २०२० च्या सप्टेंबरात निर्यात एकाएकी बंद झाली. त्या ऑक्टोबरात, २०१९ साली, तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या की, आधी कळवले असते तर बरे झाले असते. स्वयंपाक्याला कांदा न घालण्यास सांगितले आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून, म्हणजे नेमक्या सार्कच्या वर्धापनदिनी, पुन्हा बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला.

शहरातील गरिबाला कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण भाव पडला की पीककर्ज थकते, हे आम्हा बँकवाल्यांना खिडकीतून रोज दिसते.

गिऱ्हाईकही थांबून राहत नाही. बांगलादेशाने पाकिस्तान, म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला आणि घरची लागवड वाढवली. मार्च २०२३ मध्ये तर स्वतःच्या शेतकऱ्यांचा भाव टिकावा म्हणून त्यांनीच आपल्या कांद्याचे आयात परवाने थांबवले. ते जूनमध्ये पुन्हा सुरू झाले.