बंदुकीचा नंबर आहे का सेव्ह?

मोबाइल चोरीला गेला की आपण आधी आयएमईआय नंबर शोधतो. पण बीडला, गावाकडच्या कपाटात बाबांची परवान्याची बंदूक आहे, तिचा नंबर कुणाला माहितेय? हसू नका बॉस! डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्र परवाने असल्याचं अख्ख्या राज्याला कळलं. पुढे त्यातले बरेच रद्दही झाले.

आता समजा, घरफोडीत बंदूकच गेली. जवळच्या पोलीस स्टेशनला लगेच कळवायचं, ही परवान्याचीच अट आहे. उद्या त्याच बंदुकीतून कुणावर गोळी सुटली, तर पोलीस नंबरावरून आधी बाबांच्याच दारात येणार ना! जुलै 2024 पासून, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार, तक्रार ऑनलाइनही देता येते. फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. विसरलात तर सगळं मुसळ केरात! आणि हो, ‘हरवलं-सापडलं’वाली नोंद वेगळी, चोरीला ती चालत नाही.

तक्रारीत बंदुकीचा मेक, बोअर, तिच्यावर कोरलेला नंबर आणि परवान्याचा यूआयएन द्या. हा यूआयएन परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला असतो. इंटरपोलनेही चोरीच्या शस्त्रांसाठी ‘आयआर्म्स’ नावाचा डेटाबेस ठेवलाय, पण तिथे एन्ट्री फक्त पोलिसांना.

या वीकेंडला गावी जाताय? परवान्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करून टाका. बाबा विचारतीलच, ‘कशाला रे?’