आळशी डोळ्यावरील डिजिटल उपचार

आळशी डोळा किंवा दृष्टिमांद्य (अ‍ॅम्ब्लिओपिया) हा बालपणी दृष्टीचा विकास खुंटल्यामुळे होणारा विकार आहे. यात डोळा बहुधा बाहेरून निर्दोष दिसतो, परंतु योग्य चष्मा लावूनही त्याने स्पष्ट दिसत नाही. त्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो, हे त्याचे कारण होय. हा विकार सामान्यतः एकाच डोळ्यात आढळतो. दुसऱ्या डोळ्याने मुलाचे सर्व व्यवहार सुरळीत चालतात. त्यामुळे मूल तक्रार करीत नाही आणि दोष लपून राहतो.

कारणे

तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या चष्म्याच्या क्रमांकांत मोठा फरक, जन्मजात मोतीबिंदू आणि पापणी खाली झुकलेली असणे ही प्रमुख कारणे आहेत. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले, की कोवळ्या वयात एक डोळा झाकून ठेवल्यास मेंदूतील दृष्टिकेंद्रात त्याला मिळणारे स्थान आक्रसते. या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सात वर्षांच्या आत केलेल्या उपचारांना चांगले यश येते. त्यानंतरही सुधारणा शक्य असते, पण तिचे प्रमाण घटत जाते.

पारंपरिक उपचार

पहिली पायरी म्हणजे योग्य चष्मा. त्यानंतर सशक्त डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात किंवा त्यात अ‍ॅट्रोपीनचे थेंब घालून त्याची दृष्टी तात्पुरती धूसर करतात. मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज २ तासांची पट्टी ६ तासांच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. तथापि, चांगला डोळा झाकल्यावर मुलाला नीट दिसत नाही आणि सवंगडीही चिडवतात. म्हणून पट्टी अनेकदा काढून टाकली जाते.

डिजिटल उपचाराचे तत्त्व

या पद्धतीत कोणताही डोळा झाकला जात नाही. विशेष चष्म्याद्वारे किंवा डोक्यावर बसवायच्या उपकरणाद्वारे दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी प्रतिमा दाखवली जाते. अशक्त डोळ्याला ठळक, तर सशक्त डोळ्याला फिकट किंवा धूसर प्रतिमा मिळते. चित्रपट पाहताना किंवा खेळ खेळताना मेंदूला दोन्ही प्रतिमा एकत्र जुळवाव्या लागतात. साध्या मोबाइलवरील खेळाने हा परिणाम साधत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी 'ल्युमिनोपिया' या उपकरणाला मान्यता दिली. त्याच्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर मुलांची दृष्टी तक्त्यावरील सरासरी १.८ ओळींनी सुधारली. केवळ चष्मा वापरणाऱ्यांत ही सुधारणा ०.८ ओळ होती. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८५ मुलांच्या एका चाचणीत टॅबलेटवरील खेळ पट्टीपेक्षा सरस ठरला नाही. नेमून दिलेल्या खेळाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पूर्ण करणारी मुले पाचातील एकाच्या आसपास होती. उपचार कोणताही असो, त्यातील सातत्य निर्णायक ठरते.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या आदिवासीबहुल जिल्ह्यात अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील पाडे सातपुड्याच्या डोंगरांत विखुरलेले आहेत. उपकरण, वीज, इंटरनेट आणि वारंवार फेरतपासणी यांवर अवलंबून असलेला उपचार अशा भागात सहज परवडणारा नाही. चष्मा आणि पट्टी मात्र पाड्यावरही वापरता येतात. त्यासाठी दोष वेळीच उघडकीस येणे आवश्यक असते.

२०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दृष्टिदोषाची तपासणी अंतर्भूत आहे. त्यानुसार अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांची एकदा तपासणी अपेक्षित असते. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी 'ई' चिन्हाचा तक्ता वापरतात. चिन्हाची टोके ज्या बाजूला असतील ती बाजू मूल हाताने दाखवते. त्यामुळे घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलालाही भाषेचा अडसर येत नाही.

तपासणीत एका वेळी एकच डोळा झाकणे अत्यावश्यक आहे. दोन्ही डोळे उघडे असताना सशक्त डोळा अशक्त डोळ्याची उणीव झाकून टाकतो. पुढे कधी सशक्त डोळ्याला इजा झाल्यास त्या व्यक्तीची सारी भिस्त उपचाराविना राहिलेल्या डोळ्यावर येते.